पुसलेलं ताट

माझं शिक्षण दुसरीपर्यंत, आणि दुसरीतही मी बराच वेळ बाकाखाली असायचो. सही करायला फौजेनं शिकवलं. बाकीचं लिहिणं मी पुढं चुकत चुकत शिकलो, तेव्हा इथं काही चुकलेलं दिसलं तर मास्तरांना बोल लावू नका. त्यांनी माझा नाद फार लवकर सोडला होता.

अशा माणसाचा आणि विज्ञानाचा संबंध एकदाच आला. सत्तर सालाच्या आगंमागं, कलकत्त्यात. विज्ञानाचं त्यातून काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. माझं काय झालं ते मी सांगतो.

मी पलटणीत साधा जवान होतो. पलटण सगळी आपल्याकडची, साताऱ्या-कोल्हापूरची. नेमबाजीत मी असातसाच, आणि पळण्यात माझ्या मागं फक्त धूळ असायची. पण कूच लांबली, पायाला फोड आले, की मागून कुणीतरी म्हणायचं, "बोल रं काहीतरी." मग मी बोलायचो. सुभेदार साहेबांची चाल करून दाखवायचो. माझ्या लग्नात मुलीकडचे मलाच येऊन "नवरदेव कुठं उतरलाय" असं विचारत होते, ते सांगायचो. सगळं स्वतःवरच सांगायचो, कारण दुसऱ्यावर सांगितलं की मार बसतो एवढं मी दुसरी नापास होऊनही शिकलो होतो. रांगेत मी नसलो तर लोकांना चुकल्यासारखं व्हायचं. निदान मी तसं धरून चाललो होतो.

आमची पलटण वर निघाली होती, सिक्कीमच्या वरच्या अंगाला, बर्फातल्या चौक्यांवर. वाटेत कलकत्त्याला गाडी थांबली आणि मला कावीळ झाली. माझा एक दोस्त होता पलटणीत, माझ्याच गावचा, कायम शेजारच्या खाटेवर झोपणारा. तो माझे डोळे बघून म्हणाला, "आरशात बघू नगंस. पुन्यांदा हळद लागल्यागत दिसतोयस."

मला मिलिटरी हॉस्पिटलात टाकलं. पलटण पुढं जाऊन पहाडाच्या पायथ्याला तळ देऊन बसणार होती आणि वरचा रस्ता उघडला की चढणार होती. जायच्या आधी दोस्त भेटायला आला.

"लवकर बरा हो," तो म्हणाला. "एकदा वर गेलो आन् बर्फ पडलं की खालचा माणूस वर न्हाई आन् वरचा खाली न्हाई."

"माझी जागा धरून ठेव."

"तुझी जागा कोण घेतंय? माझ्या घोरण्याशेजारी दुसरं कोण झोपंल?"

तो गेला. मला तेव्हापासून एकच काम होतं. रस्ता उघडायच्या आत पलटण गाठायची.

कावीळ उतरली, पण अंगावर मांस परत येईना. हॉस्पिटल मला बरा म्हणायला तयार होतं, तंदुरुस्त म्हणायला तयार नव्हतं. आणि तंदुरुस्त म्हटल्याशिवाय वर कुणाला सोडत नाहीत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की ह्याला खाणाऱ्यांत पाठवा.

खाणारे म्हणजे असं. खिदिरपूरच्या बाजूला, गोदीपासून फार लांब नाही, एक जुनी बराक होती. तिथं एक बंगाली कॅप्टन डॉक्टर आणि त्यांच्या हाताखालची चार माणसं एक तपास करत होती. उंचावर, थंडीत, जिथं चूल धड पेटत नाही, तिथं जवानानं काय खाल्लं म्हणजे त्याची ताकद टिकते आणि डोकं ठिकाणावर राहतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी निरनिराळ्या पलटणींतून माणसं मागवली होती. त्यांना धडधाकट माणसं हवी होती, पण एक जण कमी पडत होता आणि मी जवळ होतो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या नेमणुका साधारण अशाच झाल्यात.

कॅप्टन साहेबांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, जणू काट्याची कीव आली. म्हणाले, "ठीक से खाओ. वजन आने दो. फिर छोड़ देंगे."

मी म्हटलं हे तर सोपं आहे. खायचं आणि जायचं.

सकाळी उठलं की वजन. मग एक सायकल होती, तिला चाक होतं पण ती कुठं जायची नाही. ती चालवायची आणि तोंडात नळी धरून रबराच्या भल्यामोठ्या पिशवीत श्वास सोडायचा. ती पिशवी ते लोक बांधून इतक्या जपून न्यायचे की मला लाज वाटायची. माझा श्वास आमच्या घरात कुणी कधी एवढा मानला नव्हता. मग पाठीवर ओझं घेऊन स्टुलावर चढायचं, उतरायचं, परत चढायचं. शेवटी एका अंधाऱ्या खोलीत एकट्यानं बसायचं आणि समोरचा बारका दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. वर चौकीवर माणूस एकटा पहारा देतो, तेव्हा त्याचं ध्यान किती टिकतं ते बघायला. त्या खोलीत मी बडबडायचो. दिव्यालाच सांगायचो, माझ्या लग्नाचं. तो लुकलुकला की मला वाटायचं हसला, आणि बटण दाबायला उशीर व्हायचा.

आणि दोन वेळचं जेवण. ते जेवण म्हणजे सगळं सुकवलेलं किंवा दाबलेलं. सुकवलेला बटाटा होता, पाण्यात टाकला की पुन्हा बटाटा झाल्याचं सोंग करायचा. डब्यातला भात होता, त्याला डब्याचाच वास. आणि एक गोड वडी होती, बेसन, गूळ, दुधाची पूड आणि डालडा दाबून केलेली, विटेसारखी. कलकत्त्याच्या घामट उकाड्यात ती वडी घशाला अशी चिकटायची की खाऊन झाल्यावर बराच वेळ तोंड उघडता यायचं नाही. म्हणजे मी किती हैराण झालो असेन बघा.

पण बोलणार तरी कुणाशी? माझ्या खोलीत एक गढवाली जवान होता. माणूस सज्जन, पण मुळातच कमी बोलणारा. माझं हिंदी म्हणजे मराठीच्या शेपटाला 'है' बांधलेलं. मी त्याला पलटणीत हमखास चालणारी गोष्ट सांगायचो, लग्नाची. तो सगळी ऐकून घ्यायचा आणि शेवटी गंभीरपणे विचारायचा, "फिर?" तोवर गोष्ट संपलेली असायची. मग मी म्हणायचो, "फिर कुछ नहीं, शादी हो गयी." तो म्हणायचा, "अच्छा हुआ," आणि कूस बदलायचा. हसवणाऱ्या माणसाला शिव्या दिल्या तर चालतात. "अच्छा हुआ" हे काही चालत नाही.

रविवारी सुट्टी असायची. मी गोदीच्या रस्त्यानं फिरायचो. जहाजांचे भोंगे वाजत असायचे, भिंतींवर काळ्या-लाल रंगात काहीबाही लिहिलेलं असायचं, ते मला वाचता यायचं नाही, म्हणून मी सगळ्या पक्षांचा सारखाच मान ठेवायचो. एकदा गर्दीत एक खलाशी दुसऱ्याला ओरडून म्हणाला, "अरे, थांब की जरा." मराठीत. मी नुसता त्या आवाजाच्या मागं चालायला लागलो. त्याला काय विचारायचं ते ठरलेलं नव्हतं. तो वळला की मी वळायचो. त्यानं दोनदा मागं बघितलं, खिसा चाचपला आणि पळतच एका ट्राममध्ये चढला. त्या माणसानं घरी गेल्यावर सांगितलं असणार की कलकत्त्याचे पाकीटमार फार चिकट आहेत.

तर ह्या सगळ्यात मला कळणारं बोलणारी एकच व्यक्ती होती. त्या तपासात जेवणाचं खातं एका बाईंकडं होतं. चाळिशीच्या असतील. आडनाव आपल्याकडचं, पण जन्म कलकत्त्याचा, वडीलही तिथंच वाढलेले. शिकलेल्या होत्या, माणसानं काय खाल्लं म्हणजे अंगी लागतं ह्याचंच शिक्षण. कॅप्टन साहेबांनी मला त्यांच्यासमोर उभं केलं तेव्हा त्या मराठीत म्हणाल्या, "बसा. पाणी खाणार का?"

मी म्हटलं, "बाई, इथं तेही सुकवून देतात का?"

त्यांच्या जरा उशिरानं लक्षात आलं आणि त्या हसल्या. बंगालीत पाणी खातात, म्हणे. "घरी बोलायला आता कोणी नाही," त्या म्हणाल्या. "वडील होते तोवर मराठी होतं. तुम्ही माझं चुकलं की सांगत जा." आता मी कुणाची भाषा दुरुस्त करणार? पण एवढ्या दिवसांत माझ्यावर हसलेलं ते पहिलं माणूस. मी म्हटलं, सांगत जाईन.

बाईंचं काम असं. जेवण द्यायच्या आधी ताट तोलायचं, जेवण झाल्यावर परत तोलायचं. उरलं किती त्यावरून माणसाला काय आवडलं, काय नाही, ते त्या मांडायच्या. शिवाय जेवल्यावर प्रश्न विचारायच्या. भूक कशी होती, झोप लागली का, घरची आठवण आली का, हे परत दिलं तर खाल का. शिकलेले जवान कागदावर खुणा करायचे. मला तेव्हा वाचता येत नव्हतं म्हणून माझ्यासाठी पुठ्ठ्यावर तोंडं काढलेली होती. एका टोकाला खो खो हसणारं, मधे मख्ख, दुसऱ्या टोकाला रडकं. जेवण कसं लागलं त्याप्रमाणं तोंडावर बोट ठेवायचं.

आता इथं मी माती कशी खाल्ली ते नीट सांगितलं पाहिजे, कारण मला वाटतं हे आमच्याच माणसाला जमलं असतं.

आमच्या घरी ताटात टाकणं हा गुन्हा होता. आई आमच्या ताटाकडं बघायचीच नाही, दारातल्या कुत्र्याकडं बघायची. ते बारीक दिसलं की तिला बरं वाटायचं, म्हणजे पोरांनी टाकलं नाही. आमटी संपली की ताट बोटानं पुसायचं. मग त्याच ताटात पाणी ओतून, फिरवून, ते पिऊन टाकायचं. वाढलेलं आवडलं का नाही हा विषयच निघायचा नाही. आवडलं तर खायचं, नाही आवडलं तर गुपचूप खायचं. आणि वाढणारी बाई समोर बसलेली असताना, "कसं झालंय" म्हणून तिनं विचारलं असताना, "चांगलं झालंय" ह्याशिवाय दुसरं उत्तर देणारा माणूस आमच्या गावात जन्मला नव्हता.

तर मी सगळं खायचो, ताट पुसायचो, पाणी ओतून प्यायचो आणि हसऱ्या तोंडावर बोट ठेवायचो.

पहिल्या दिवशी बाईंनी माझं ताट काट्यावर ठेवलं आणि त्यांना वाटलं काटा बिघडला. दुसऱ्या दिवशी कॅप्टन साहेबांना बोलावलं. साहेबांनी ताट उजेडाकडं धरलं. "इसने धोया क्या?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "धोके पी गया." साहेब माझ्याकडं बघतच राहिले. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बहुत अच्छा खाता है तुम."

माझी मान ताठ झाली. शाळेत, पलटणीत, सासरी, कुठंच मला कुणी कशात पहिला काढलं नव्हतं. विज्ञानानं काढला.

वजन यायला लागलं. पहिली फेरी संपली. ज्यांच्या ताटात रोज निम्मं उरायचं त्यांना साहेबांनी आपापल्या पलटणीत परत पाठवलं. जो खातच नाही त्याची ताकद मोजून काय करायचं, असा त्यांचा हिशेब. ते जवान ट्रंका उचलून, गाणी म्हणत गेले. माझा गढवालीसुद्धा गेला. जाताना त्यानं हात हातात घेतला आणि आपणहून एवढं बोलला, "वो शादी वाली बात अच्छी थी." मी खोलीत एकटा राहिलो आणि मग मला ते बोलणं आठवून हसू आलं. पण ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून तेही मधेच थांबलं.

मी साहेबांकडं गेलो. म्हटलं, "साहेब, वजन आया. अब छोड़ो."

"वजन आया, इसीलिए तो नहीं छोड़ेगा," साहेब म्हणाले. "दूसरा राउंड है. तुम्हारे जैसा खाने वाला हमको फिर कहाँ मिलेगा?"

"साहेब, पलटण वर जाणार..."

"राउंड के बाद."

बाहेर आलो तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. टाकणारे पलटणीत परत जातात, पुसणारे अडकतात. मला पलटण गाठायची असेल तर ताटात अन्न टाकावं लागणार होतं.

त्याच आठवड्यात आमच्या पलटणीचा एक ड्रायव्हर सामान न्यायला खाली आला होता, तो मला शोधत बराकीत आला. म्हणाला, "तुझ्या दोस्तानं निरोप दिलाय. रस्ता उघडलाय. दोन-चार दिवसांत निघतोय. म्हणाला, ये लवकर, जागा धरून धरून हात दुखायला लागला." मी म्हटलं, "सांग त्याला, आलोच."

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो आणि ठरवलं, आज टाकायचं. बटाटा खाल्ला, भात खाल्ला. वडी बाजूला ठेवली. ती माझ्याकडं बघत होती. बाई पलीकडं पाठमोऱ्या होत्या. मला आईची आठवण झाली, कुत्र्याची झाली. माझा हात वडीकडं जायचा काही थांबेना. शेवटी मी डोळे मिटले आणि वडी उचलून खिडकीतून बाहेर फेकली. कलकत्त्याचे कावळे म्हणजे साधे नाहीत. वडी जमिनीला टेकायच्या आत गेली. मला बरं वाटलं, म्हटलं अन्न कुणाच्या तरी मुखात गेलं आणि माझंही काम झालं. मग खुशीत ताटात पाणी ओतलं आणि पिऊन टाकलं.

बाईंनी ताट काट्यावर ठेवलं. म्हणाल्या, "आजपण काही नाही उरलं. कमाल आहे तुमची."

मी तिथंच बसून राहिलो. टाकायचं म्हणजे ताटात टाकायचं, हे लक्षात यायला मला पूर्ण दुपार लागली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र मी टाकलं. हात मांडीखाली दाबून बसलो. वडी ताटात, बटाटा निम्मा ताटात, भाताचा ढीग तसाच. कपाळाला घाम आला होता, हात थरथरत होता. बाई ताट उचलायला आल्या आणि थबकल्या. ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ताट न उचलता साहेबांना बोलवायला धावल्या.

साहेब आले. त्यांनी माझी पापणी खाली ओढली, जीभ बघितली, बरगडीखाली बोटं खुपसली.

"साहेब, मुझे कुछ नहीं हुआ," मी म्हटलं. "मैंने जानबूझके फेंका है."

साहेबांनी मान हलवली. "जो आदमी प्लेट धोके पीता है, वो जानबूझके नहीं फेंकता. पीलिया वापस आया है." म्हणजे कावीळ परत उलटली.

मी बाईंकडं बघून मराठीत सांगितलं, "बाई, तुम्ही सांगा ह्यांना. मला पलटणीत जायचंय म्हणून टाकलं." बाईंनी सांगितलं. साहेब म्हणाले, "देखो, अब बड़बड़ा भी रहा है." मला घाम फुटलेला, हात थरथरत, तोंडानं बडबड. मी साहेब असतो तर मीसुद्धा मला गाडीत घातला असता.

हॉस्पिटलात त्यांनी रक्त घेतलं, परत घेतलं, उकडलेल्या भाज्या दिल्या. त्या मी पुसून खाल्ल्या, पण आता ते बघणारं कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ह्याला काही झालेलं दिसत नाही, तेव्हा नीट लक्ष ठेवलं पाहिजे. कावीळ नाही असं त्यांचं शेवटी एकमत झालं तोवर तो ड्रायव्हर एक चक्कर मारून परत आला होता. माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. त्यानं टोपी काढून हातात घेतली, आणि माझ्या खाटेपाशी कुणी टोपी काढावी असा मी माणूस नाही, त्यामुळं तो काय सांगणार ते मला आधीच कळलं.

"गेले," तो म्हणाला. "दोस्त तुझा शेवटच्या गाडीत बसला. वाट बघत होता."

"काय म्हणाला?"

"काय म्हणायचंय. गाडी सुटली."

त्या दिवशी संध्याकाळी बाई भेटायला आल्या. हातात पितळी डबा. घरून वरण-भात आणि वांग्याची भाजी करून आणली होती. "साहेबांची परवानगी आहे," त्या म्हणाल्या. "घरचं खाल्लं की बरं वाटेल म्हणून आणलं."

मी पहिला घास घेतला. वरणात साखर होती आणि वांगं मोहरीच्या तेलात. त्या घराला कलकत्त्यात राहून इतकी वर्षं झाली होती की फोडणीनंही बोली बदलली होती. तेलाचा वास माझ्या नाकातून डोक्यात गेला. मी सगळं खाल्लं. डबा पुसला. पाणी ओतलं, फिरवलं, प्यायलो. बाई बघत होत्या.

"आवडलं?" त्यांनी विचारलं. मग बराकीतल्या सवयीनं, "परत दिलं तर खाल?"

पलटण गेली होती. मला आता कुणाला खूश ठेवून काही मिळायचं नव्हतं. का कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं, "नाही बाई. हे तेल मला सोसत नाही."

त्यांनी डब्याकडं बघितलं. डबा लखलखत होता.

"मग खाल्लंत का?"

"वाढलं म्हणून."

"आणि तिथलं? ती वडी? रोज पुसून खायचात ती?"

"बाई, ती वडी मी माझ्या सासऱ्यालाही देणार नाही."

मला वाटलं त्या रागावतील. त्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि डब्याला झाकण लावलं. मग म्हणाल्या, "आमचे बाबा पण ताट संपेपर्यंत उठू द्यायचे नाहीत. कारलं असलं तरी. मी रडत रडत खायची." डबा मांडीवर घेऊन म्हणाल्या, "तुमचं ताट बघून मी रोज मांडायची, आवडलं. मला तरी समजायला पाहिजे होतं."

"मग आता?"

"आता साहेबांना सांगते. ताट रिकामं म्हणजे आवडलं असं तुमच्या लोकांत धरायचं नाही." मग आपल्याच बोलण्यावर हसून म्हणाल्या, "आपल्या लोकांत."

त्या गेल्या. त्यानंतर त्या एकदाच दिसल्या, लांबून, बसच्या रांगेत. मी हाक मारली नाही. हाक मारून काय सांगणार होतो, तेल चांगलं होतं म्हणून?

मला वर काही जाता आलं नाही. बर्फ पडलं, रस्ता मिटला. दोनदा हॉस्पिटलची वारी झालेला माणूस म्हणून मला उंचावर पाठवायचं नाही असं ठरलं, आणि खिदिरपूरलाच सामानाच्या गोदामावर ठेवलं. तिथं मी पेट्या मोजायचो. पेट्यांना लग्नाची गोष्ट सांगितली. त्यांनी "फिर?" असं विचारलं नाही, एवढंच काय ते बरं.

पुढल्या मोसमात रस्ता उघडला आणि दोस्त रजेवर खाली आला. सियालदाला उतरून त्याला हावड्याहून घरची गाडी धरायची होती. मधली दुपार आम्ही बरोबर होतो. तो काळा पडला होता, ओठ फाटलेले, बोलणं कमी झालेलं. ट्राममध्ये आम्ही शेजारी बसलो, पूर्वी खाटा असायच्या तसे.

"वर जेवायचं काय असतं?" मी विचारलं.

"आता ते खारं, वाळकं कायतरी देत्यात. पोह्यागत. दात पडायची पाळी." तो खिडकीबाहेर बघत होता. "पहिल्यांदा एक गोड वडी द्यायचे. ती झकास होती लेका. एवढ्या थंडीत ती तोंडात धरली की आत शेगडी पेटल्यागत वाटायचं. मग बंद केली. कुठल्या गाढवानं बंद केली देव जाणे."

"मी," मी म्हटलं.

तो माझ्याकडं वळला.

"मीच बंद केली. माझं बोलणं डॉक्टर साहेबांपर्यंत गेलं."

तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग फाटलेल्या ओठांवर हात धरून हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ट्राममधली माणसं बघायला लागली. "तू," तो म्हणाला, "आन् फौजेचं जेवण ठरवणार. आयला, कितीतरी दिवसांनी हसलो." मी खरं तेच सांगत होतो, पण इतक्या दिवसांनी माझं बोलणं कुणाला तरी लागू पडलं होतं. मी त्याला तसंच हसू दिलं.

हावड्याला गाडीची वाट बघताना मी विचारलं, "माझ्या जागेवर कोण आहे आता?"

तो बिडी शोधायला लागला. "हाय एक नवा. कागलचा. पोरगं बरं हाय." बिडी पेटवून म्हणाला, "सुभेदार साहेबांची चाल तर अशी करतंय की साहेब मागं हाय का पुढं, कळत न्हाई."

"माझ्यापेक्षा?"

"तुझं येगळं व्हतं," तो म्हणाला. मैत्रीत माणूस एवढंच बोलू शकतो.

गाडी हलायच्या आधी त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "तुझ्यासाठी राखून ठिवली व्हती. शेवटची. म्हटलं, ह्याला तरी कळू दे वर काय मजा असती."

वडी होती.

गाडी गेल्यावर मी घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. ऊन होतं, नदी गढूळ, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. कागद सोडला आणि वडी खाल्ली. ती घशाला चिकटली, पूर्वीसारखीच. मी ती संपवली. कागदाला लागलेलं बोटानं पुसून घेतलं. बाई समोर असत्या आणि त्यांनी तो पुठ्ठा पुढं केला असता तर मी बोट हसऱ्या तोंडावरच ठेवलं असतं. पण विचारायला कुणी नव्हतं. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि खिदिरपूरची ट्राम धरली.